गाडी क्लासला शिकायची की मामाच्या गाडीवर?

माझं दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो. पुण्यात आधी क्लास लावला, लायसन्स हातात आलं तरी गाडी काही येईना, मग मामाच्या जुन्या अल्टोवर परत पहिल्यापासून.

क्लास वाईट नाही हं. आरसे, रिव्हर्स, टेस्टला आठ कसा काढायचा हे तिथे नीट होतं आणि आरटीओची कटकट तेच बघतात. नियमात 21 दिवस आणि किमान 10 तास ड्रायव्हिंग लिहिलंय, आमच्याकडे रोज 5 किलोमीटर, तेही सकाळी सातला, रस्ता रिकामा.

पण मला खटकलं ते वेगळंच. सरांच्या बाजूला पण क्लच-ब्रेक असतात ना. बाराव्या दिवशी पौड रोडने चांदणी चौकाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, मी पण थांबलो आणि मग गाडी अशी अलगद उचलली की इंचभर मागे आली नाही. मी जाम खूश. सहज खाली बघितलं तर सरांची चप्पल क्लचवर, आणि सर फोनवर दुसऱ्या कुणाला तरी उद्याची वेळ देतायत! म्हणजे इतके दिवस मी एकटा चालवतच नव्हतो. नंतर सोसायटीच्या रॅम्पवर पाच वेळा गाडी बंद पडली, शेवटी वॉचमनने चाकामागे वीट लावली.

मामाकडे दुसरे पेडल नाहीत, फक्त हँडब्रेक आणि तोंड. रविवारी दुपारी त्याच रॅम्पवर तासभर हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धाच सोडून धरायचा, बॉनेट जरा उचलल्यासारखं वाटलं की मगच हँडब्रेक सोडायचा. मग लक्ष्मी रोडची संध्याकाळ, मग दिवे घाट सेकंड गिअरवर उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसलास तर ब्रेक तापतील म्हणून ओरडा. अर्थात मामा इंडिकेटर देत नाही, ती सवय मला पण लागली असती, क्लासमुळे वाचलो. आणि हो, लर्निंग लायसन्स असेपर्यंत घरच्या गाडीवर पण एल बोर्ड आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस लागतोच.

स्टिअरिंगला कधी हातच लावला नसेल तर क्लास लाव, नाही म्हणत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सरांना पाय मागे घ्यायला सांग. घरात कुणी जरा धीराचं असेल तर मी तरी तिकडेच जास्त वेळ काढीन. फक्त मामाची क्लचप्लेट त्याच वर्षी बदलावी लागली, अर्धे पैसे मी दिले.