ब्रेल पाटी आणि गणितपाटी: नेहमीच्या शाळेसाठी संच घेताना

पाटी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तक्रारी बऱ्याच आहेत, पण त्यातल्या बहुतेक पाटीबद्दलच्या नाहीत.

अंध मूल डोळस मुलांच्या वर्गात शिकायला येतं तेव्हा त्याच्या हाती सहसा हाच संच पडतो: लाकडी फळी, तिच्यावर ओळ संपली की खाली सरकवायची, बिजागरीने जोडलेल्या दोन पात्यांची धातूची पट्टी (कागद या पात्यांमध्ये धरायचा), टोचायची कलम (शिक्षक तिला स्टायलसच म्हणतात), जाड कागद, आणि गणितासाठी टेलर फ्रेम, म्हणजे गणितपाटी, सोबत डबाभर टाईप, म्हणजे भोकात बसवायचे छोटे खिळे. देहरादूनच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेत ही उपकरणं बनतात, इतरही उत्पादक आहेत. संच कुणाचाही असो, ताब्यात घेताना पट्टीच्या चारही कोपऱ्यांतल्या घरांत सहाही ठिपके टोचून बघा (एका घरात सहा ठिपक्यांची जागा, त्यातले कोणते टोचले यावरून अक्षर ठरतं). वरच्या पात्याची खिडकी आणि खालच्या पात्याचे खड्डे जुळत नसतील तर ठिपका उठण्याऐवजी कागद फाटतो. बिजागरीत ढिलाई असली की हा दोष महिनाभरात येतोच. कलमेचं टोक अंगठ्याच्या नखावरून फिरवा. ओरखडा उठला तर ते टोक कागदही फाडणार. कलमेची मूठ तर्जनीच्या बेचक्यात बसली पाहिजे आणि कलम उभी धरली पाहिजे. तिरकी धरली की भोक पडतं, आणि भोक बोटाला वाचता येत नाही.

कागद साधारण १२० ते १४० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) लागतो. सरावाला जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम चालतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद सर्दावतो आणि ठिपके दबतात, म्हणून गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. लिहिलेल्या वह्या आणि ब्रेल पुस्तकं उभी ठेवा. एकावर एक रचली तर खालच्यांचे ठिपके सपाट होतात.

खरी अडचण लिहिण्याच्या दिशेची. टोचलेला ठिपका मागच्या बाजूला उठतो, त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. शिकवणाऱ्याने ‘डावा ठिपका, उजवा ठिपका’ असे शब्द वापरले की मूल हमखास गोंधळतं. ठिपक्यांना क्रमांक असतात: वाचताना डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ‘ए’ म्हणजे १-५ आणि ‘इ’ म्हणजे २-४, दोन्ही एकमेकांची आरशातली रूपं. ‘ह’ (१-२-५) आणि ‘ज’ (२-४-५) यांचंही तसंच. म्हणून ‘कि’चा ‘के’ होतो, ‘हात’चा ‘जात’ होतो, आणि मुलावर ‘लक्ष नसतं’ असा शिक्का बसतो. उपाय सोपा आहे. डावं-उजवं सोडून द्यायचं आणि ‘आधी येणारी बाजू, नंतर येणारी बाजू’ म्हणायचं. १-२-३ ही आधीची बाजू, ४-५-६ ही नंतरची. लिहिताना असो की वाचताना, हा क्रम बदलत नाही.

मराठीपुरतं आणखी एक. डोळ्यांनी वाचताना ‘किरण’मधली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी क, मग इ, मग र, ण. म्हणजे जसं ऐकू येतं तसं. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण (४ क्रमांकाचा ठिपका) मोडलेल्या अक्षराच्या आधी येते: ‘शब्द’ म्हणजे श, ४, ब, द. डोळस शिक्षक नेमके इथेच चुकतात, कारण ते छापील अक्षराची नक्कल करायला जातात.

चूक खोडता येते, पण पूर्ण नाही. नखाने ठिपका दाबून बसवला तरी खूण राहते. सहाही ठिपके टोचून अक्षर रद्द करायची सवय मराठीत लावू नका, सहा ठिपके म्हणजे ‘ढ’.

गणितपाटी ही फार हुशारीची वस्तू आहे. तिची भोकं अष्टकोनी ताऱ्यासारखी असतात. टाईपच्या एका टोकाला उंचवट्याची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन टोचे. आठ दिशा गुणिले दोन टोकं, म्हणजे एकाच प्रकारच्या टाईपमधून १६ चिन्हं: दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीसारख्या खुणा. उभी मांडणी, हातचे, सगळं बोटाखाली राहतं. पण टाईप घरंगळतात आणि हरवतात, म्हणून डबा काठाच्या ताटात ठेवून काम करावं आणि तास संपला की टाईप मोजून ठेवावेत. जुने टाईप शिशाच्या मिश्रधातूचे असतात. गणितानंतर लगेच मधली सुट्टी असेल तर हात साबणाने धुणं सक्तीचं करा. प्लास्टिकचे मिळाले तर तेच घ्या. पाटीवरचं गणित घरी नेता येत नाही, मोडावंच लागतं. तेव्हा उत्तर ब्रेल कागदावर उतरवून घेतल्याशिवाय टाईप काढू देऊ नका.

पर्किन्स ब्रेलरशी, म्हणजे ब्रेलच्या टंकलेखन यंत्राशी, तुलना होणारच. त्याला सहा कळा आहेत, डावीकडून उजवीकडे लिहिता येतं, ठिपका वर उठतो आणि लिहिलेलं लगेच बोटाने तपासता येतं. पहिली-दुसरीसाठी तो मिळाला तर नक्की घ्यावा. पण तो पाचेक किलोचा, महाग, आणि बिघडला की दुरुस्ती तालुक्याला होत नाही. दप्तरात जाणारी वस्तू पाटीच.

आता वर्गाबद्दल. उतरत्या फळीच्या बाकावर पाटी घसरते, खाली रबरी चटई घाला. मुलं बसकरपट्टीवर बसत असतील तर घरातला पाट किंवा चौरंग आणून त्यावर पाटी ठेवा. मांडीवर लिहिलं की कलम तिरकी होते. टोचण्याचा टकटक आवाज होतो, तो होऊ द्या. आवाज नको म्हणून मुलाला मागच्या कोपऱ्यात बसवलं जातं, आणि तिथून शिक्षकांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. फळ्यावर लिहिताना ‘हे यातून वजा केलं’ न म्हणता ‘४३ मधून १७ वजा केले’ म्हणावं. एवढ्याने त्या मुलाचा तास वाचतो.

सर्वात मोठी तक्रार अशी की बहुतेक शाळांत त्या मुलाचं लिहिलेलं वाचणारं दुसरं कुणीच नसतं. फिरते विशेष शिक्षक आठवड्याने आले की वही तपासली जाते. सोमवारी चुकलेलं अक्षर पुढच्या सोमवारपर्यंत चुकीचंच गिरवलं जातं. वर्गशिक्षकांना ब्रेल बोटाने वाचायची गरज नाही, डोळ्यांनी वाचता आलं तरी पुरे. सहा ठिपक्यांची एकूण रूपं ६३ होतात. रोज दोन शिकली तर पहिल्या घटक चाचणीआधी मुळाक्षरं होतात. तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा.

आणि वर्गातल्या मुलांनाही शिकवा. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावण्याचे जागृतीचे खेळ टाळावेत. त्यातून मुलांना भीती आणि कीव तेवढी कळते. त्याऐवजी सहा अंड्यांचा रिकामा ट्रे आणि सहा गोट्या घ्या, त्यात एकेक अक्षर मांडा, मग चार ओळींच्या खिशातल्या पाटीवर प्रत्येकाने आपलं नाव टोचावं. ते बरोबर आहे का, हे अंध मुलाने बोटाने वाचून सांगायचं. त्या तासाला वर्गात तपासणारं तेच असतं.

पालकांना संच विकत आणायला सांगू नका. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत द्यायची तरतूद २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये आहे. मागणी नोंदवताना मुलासाठी एक मोठी पाटी, घरी ठेवायला दुसरी, सुट्या कलमा तीन (त्याच सर्वात आधी हरवतात) आणि वर्गासाठी खिशातल्या पाट्या किमान पाच लिहा.