सिमव्हॅस्क्युलर: धमनीला नाद खुळा, झडपेला विषय हार्ड

उद्यमनगरात कास्टिंगच्या मोल्डमध्ये धातूचा रस कसा भरतोय ते कॉम्प्युटरवर बघणं आमचं रोजचंच, त्यामुळं रक्ताचं पण तसंच काढता येतं म्हटल्यावर राहवेना, सिमव्हॅस्क्युलर, म्हणजे नसेतनं रक्त कसं वाहतंय ते काढणारं सॉफ्टवेअर, टाकून घेतलं. फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, उबंटू तिन्हीवर चालतं. स्टॅनफर्डला चार्ल्स टेलर यांच्या लॅबमध्ये ह्याची सुरुवात झाली, त्याच टेलरांनी पुढं हार्टफ्लो कंपनी काढली, सीटी स्कॅनवरून हृदयाच्या धमनीतला अडथळा किती नडतोय ते सांगणारी, आणि त्या टेस्टला २०१४ ला अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याची मंजुरी पण मिळाली. म्हणजे कॉलेजची खेळणी नव्हे.

काम कसं चालतं, तर स्कॅन उघडायचा, नसेच्या मधनं पाथ टाकायचा, जागोजागी काप घेऊन कडा आखायच्या, ते काप जोडून मॉडेल, मग मेश (मॉडेलचे बारीक तुकडे करणारी जाळी), मग सॉल्व्हर (प्रवाहाचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम), आणि रिझल्ट पॅराव्ह्यू ह्या चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरात बघायचा. सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित, केलेल्याला इथपर्यंत काय विषय नाही. स्कॅनसाठी कुठल्या दवाखान्यात हात जोडायला जाऊ नका, व्हॅस्क्युलर मॉडेल रिपॉझिटरी ह्या ऑनलाईन साठ्यात तयार केसेस पडल्यात.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक म्हणजे सगळं सीजीएसमध्ये (सेंटिमीटर, ग्रॅम, सेकंद), रक्ताची घनता १.०६, व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा ०.०४, प्रेशर चौरस सेंटिमीटरला किती डाईन असं येतं ते १३३३ नं भागलं की डॉक्टरांचा पाऱ्याचा मिलिमीटर मिळतो. दुसरं, आत शिरणारा फ्लो मायनसमध्ये द्यायचा.

आता खरी गोम. नस जिथं कापली त्याच्या पुढच्या बारीक नसांचं जाळं मॉडेलमध्ये नसतंच, त्याच्या बदली टोकाला दोन रेझिस्टन्स (रक्ताला होणारा अडथळा) आणि एक कपॅसिटन्स (नस फुगून रक्त साठवते तो) टाकायचा असतो, आणि ते आकडे मनानं ठोकले तर प्रेशर ३०० दाखवलं तरी चित्र तेवढंच झकास दिसतं, लाल निळं पिवळं, प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला टाळ्या पण पडतील. म्हणून रंगाला भुलायचं नाही, पहिलं पेशंटच्या बीपीशी जुळतंय का बघायचं आणि दोन-चार ठोके चालवून आकडे स्थिर झाले की मगच बोलायचं.

आणि हृदयाची झडप करायची म्हणून कोण उतरत असेल तर जरा थांबा. एओर्टिक झडपेला तीन पाती, मायट्रलला दोन, दिवसाला लाखभर वेळा उघडझाप. पाती मिटली की मधलं रक्तच नाहीसं होतं आणि तिथली मेश चेंगरून मरते. हे दुखणं लई जुनं, गणितज्ञ चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ मध्येच त्यावर तोड काढली, रक्ताची जाळी जागेवर ठेवायची आणि पातं तिच्यातनं फिरवायचं. सिमव्हॅस्क्युलरची माऊसनं चालणारी बाजू मात्र मुळात रक्तवाहिन्यांसाठी, पात्यांसाठी वेगळा सॉल्व्हर, हातानं लिहिलेल्या फाईली आणि दांडगं मशीन लागतं, घरचा लॅपटॉप नुसता तापतो.

मेकॅनिकलच्या पोरांना झडपच हवी असेल तर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची चित्रा व्हॉल्व्ह ही कृत्रिम झडप घ्या, १९९० मध्ये पहिल्यांदा बसवलेली, एकच कडक चकती, ती नुसती तिरकी होते. चकती पूर्ण उघडी धरून एका जागी पक्की ठेवायची आणि फ्लो सोडायचा, एवढं सेमिस्टरभरात होतं.

धमनीसाठी पाचपैकी साडेचार, झडपेसाठी दोन.