एन्क्रिप्टेड ईमेल पैसे भरून वापरल्यावर: विषयाची ओळ उघडीच

माझ्या एन्क्रिप्टेड (कुलूपबंद, फक्त चावी असलेल्यालाच वाचता येणाऱ्या) ईमेल सेवेच्या नूतनीकरणाची सूचना आली आहे, पण यंदा पैसे भरणार नाही. फुकटच्या खात्यावर परत जातेय.

माझा मुख्य राग एकाच गोष्टीवर आहे: विषयाची ओळ. भावाचंही खातं याच सेवेवर. त्याला वडिलांचा रिपोर्ट पाठवला. मजकूर एन्क्रिप्टेड, जोडलेली फाइलही एन्क्रिप्टेड. विषय होता 'बाबांची बायॉप्सी, गाठ साधी आहे'. म्हणजे अख्खी बातमी त्या ओळीत, आणि नेमकी तीच कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येईल अशी पडलेली! तक्रार केली तर उत्तर आलं, ओपनपीजीपीमध्ये (ईमेल एन्क्रिप्ट करायची प्रचलित पद्धत) मजकूर एन्क्रिप्ट होतो, हेडर, म्हणजे विषय-पत्त्यांचा वरचा भाग, नाही. कोणी, कोणाला, कधी पाठवलं हेही उघडंच. मान्य, पण टुटा ही दुसरी एन्क्रिप्टेड ईमेल कंपनी आपल्या सेवेत विषयही एन्क्रिप्ट करते, म्हणजे करता येतं. 'तुमचे मेल आम्हालाही वाचता येत नाहीत' हे ठळक अक्षरांत छापता, तर विषयाचं मदतपानात का दडवता?

शिवाय माझ्याशी पत्रव्यवहार करणारे जवळपास सगळे साध्या ईमेलवर. बँकेचा मेल येतो तो सर्व्हरला वाचता येईल असाच, कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, लागतं नंतर. 2020 मध्ये जर्मन न्यायालयाने टुटानोटाला (आताची टुटा) असे येणारे मेल कुलूप लागण्याआधी एका खात्यापुरते उतरवून द्यायला लावले होते. उत्तर पाठवलं की त्याची प्रत समोरच्याच्या साध्या खात्यात राहते, ते वेगळंच.

एका बाबतीत मात्र मत बदललं. पासवर्ड रीसेट केला आणि जुने सगळे मेल वाचता येईनासे झाले. सपोर्टवाले म्हणाले, आमच्याकडे चावी नाही. तेव्हा फार चिडले होते. मग हशमेल या एन्क्रिप्टेड ईमेल सेवेचं 2007 चं प्रकरण वाचलं: त्यांच्या सोप्या वेबमेलमध्ये पासफ्रेज (मेल उघडणारा लांब पासवर्ड) सर्व्हरवर पोहोचत होती, म्हणून न्यायालयाचा आदेश आल्यावर त्यांना उलगडलेले मेल देता आले. 2021 मध्ये स्विस आदेशावरून प्रोटॉन या एन्क्रिप्टेड ईमेल कंपनीने एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून दिला, मेलमधला मजकूर मात्र दिला नाही. मला आलेला नकार याच जातीचा होता. एवढ्यासाठी कंपनीला मी मानते.

पण हे फुकट खात्यातही मिळतंच. पैसे भरून जास्तीची जागा, स्वतःचं डोमेन आणि डेस्कटॉपवरच्या मेल प्रोग्रामला जोडणारा ब्रिज मिळतो. ब्रिज चांगला चालला. ब्राउझरमधला शोध मात्र रडवतो: मजकुरात शोधायचं तर आधी सगळे मेल उतरवून अनुक्रमणिका बनवायची, ब्राउझरचा डेटा पुसला की पुन्हा पहिल्यापासून.

रिपोर्ट आता सिग्नल या एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲपवर पाठवते. तरीही खातं काढणार असाल तर रिकव्हरी फ्रेज (पासवर्ड बदलल्यावरही जुने मेल उघडून देणारे शब्द) पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवा. माझे जुने मेल तिच्यामुळेच परत मिळाले.