भाड्याचं घर पाण्याखाली: विकून सुटावं की धरून बसावं?

टेक्ससमध्ये ऑस्टिनकडे २०२२ मध्ये, भाव टिपेला असताना, भाड्याने द्यायला घर घेतलेल्या दोघा मित्रांनी या महिन्यात एकच प्रश्न विचारला: घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालंय, सुटायचं कसं? मी यातून गेलोय. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला, घर ऍरिझोनात फीनिक्सजवळ चँडलरला, खरेदी २००६ ची. यावरून काय ते समजा.

२०११ मध्ये कर्ज उरलं होतं १ लाख ९५ हजार डॉलर, आणि शेजारचं तसलंच घर सव्वा लाखाला गेलं. भाडं ११५०, हप्ता, कर, विमा, एचओए (सोसायटीची वर्गणी) मिळून १५८०. दरमहा सव्वाचारशेची पदरमोड.

हप्ते थांबवून घर बँकेच्या गळ्यात मारण्याचा विचार तेव्हा बऱ्याच जणांनी केला. ऍरिझोनात अडीच एकरांच्या आतल्या, एक-दोन कुटुंबांच्या घरावर, ते घ्यायलाच काढलेलं कर्ज असेल, तर लिलावानंतरची तूट बँकेला सहसा मागता येत नाही. टेक्ससमध्ये मागता येते, लिलावापासून दोन वर्षांच्या आत दावा लावून. फक्त घराची खरी बाजारकिंमत कोर्टाकडून ठरवून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यात पुढच्या घरासाठी बँकांची गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमाने सात वर्षं थांबायचं. पगार चालू असताना हे करावं असं मला वाटलं नाही.

शॉर्ट सेल, म्हणजे बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत विक्री, कागदावर शहाणपणाची. थांबायची चारच वर्षं. शिवाय पगार दीड लाख डॉलरवर असल्याने दरवर्षी करात वापरता न आलेला, ८५८२ या कर-फॉर्मवर साठत गेलेला भाड्याचा तोटा विक्रीच्या वर्षी एकदम वापरता येतो, हा तिचा मोठा गुण. बँकेने सोडलेली रक्कम मात्र १०९९-सी या माफ झालेल्या कर्जाच्या कर-फॉर्मवर उत्पन्न म्हणून येऊ शकते. २००७ च्या कायद्याची सूट राहत्या घराला होती, भाड्याच्या नव्हे. हा हिशेब भारतातल्या सीएकडून नव्हे, सीपीएकडून, म्हणजे इथल्या परवानाधारक लेखापालाकडून करून घ्या. पुण्यातल्या काकांचा सल्ला इथे चालत नाही.

तरी मी शॉर्ट सेललाच हो म्हटलं होतं. मन उठलं ते कागदांनी. बँकेला हवं होतं अडचणीचं पत्र, दोन पगारपावत्या, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स. दिली. सहा आठवड्यांनी फोन: कागद जुने झाले, नवे पाठवा. पाठवले. तोवर फाइल दुसऱ्या माणसाकडे गेलेली; त्याला फॅक्सचं सतरावं पान मिळालं नव्हतं. पुन्हा नव्या पावत्या, आणि पुन्हा नव्या तारखेचं पत्र, की आमची परिस्थिती हलाखीची आहे. सोबत पगारपावती जोडून तिसऱ्यांदा हे लिहिताना बायको म्हणाली, "आता यात खोकलाही घाला." सातव्या महिन्यात गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडे गेलं. माझंही संपलं.

मग घर ठेवलं. कर्ज फॅनी मेचं होतं आणि पाण्याखालच्या घराचं कर्ज कमी दराने नव्याने करून देणाऱ्या सरकारी हार्प योजनेतली, कर्ज किमतीच्या १२५ टक्क्यांवर नको ही अट नुकतीच उठली होती, म्हणून २०१२ मध्ये व्याजदर साडेसहावरून साडेचारवर आला आणि पदरमोड शंभराच्या आत. भाडेकरू चांगला होता, दोन वर्षं भाडं वाढवलं नाही, तो हलला नाही. २०१४ च्या सुमारास पाणी नाकाखाली उतरलं.

तुम्हाला ती योजना मिळणार नाही, २०१८ अखेर बंद झाली. फीनिक्स सावरलं म्हणून ऑस्टिन सावरेलच असंही नाही. पण टेक्ससमध्ये मालमत्ता कर भारी. किंमत पडली असेल तर साधारण १५ मेच्या आत अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कचेरीकडे, हरकत घ्या, पदरमोड तिथेही कमी होते. चार-पाचशे डॉलर दरमहा झेपत असतील आणि भाडेकरू धड असेल, तर मी धरून बसेन. हजारावर जात असेल, नोकरी डळमळीत असेल, तर माझं ऐकू नका.

आणि शॉर्ट सेलच करायची ठरली, तर एजंटाला आधी विचारा, तुमच्याच बँकेबरोबर त्याने किती पार पाडल्यात. आमच्या एजंटाची ती पहिलीच होती. आम्हाला ते कळलं गिऱ्हाईक गेल्यावर.