एम२ मॅकबुक एअर प्रयोगशाळेत: प्रोग्रॅम चालले, कॅमेरा अडला

रत्नागिरीत भाट्ये खाडीतल्या प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर) आमचं काम चालतं. इंटेल चिपचं जुनं मॅकबुक रखडायला लागलं म्हणून ॲपलच्या स्वतःच्या एम२ चिपचं एअर घेतलं. गणपतीपासून शिमग्यापर्यंत रोज वापरून हे लिहितोय.

जुनं सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालेल का, ही धास्ती फोल ठरली. ॲपलने इंटेल सोडायचं जाहीर केलं २०२० मध्ये. आता आर (आकडेवारीची भाषा), पायथन, मॅटलॅब सगळं एआरएमसाठी, म्हणजे ॲपलच्या नव्या चिपच्या जातीसाठी, थेट मिळतं. उरलेलं इंटेलचं सॉफ्टवेअर ॲपलचं रोझेटा २ हे भाषांतर करणारं साधन चालवून घेतं. फक्त भेसळ नको: इंटेलच्या आरमध्ये एआरएमचं पॅकेज लोड होत नाही. जुनं कोंडा (पॅकेजं सांभाळणारं साधन) उचलून आणू नका, मिनीफोर्ज या त्याच्या इन्स्टॉलरने नव्याने उभारा.

एका गोष्टीने मात्र झोप उडवली. तोच डेटा, तीच स्क्रिप्ट, तरी सरासरी शेवटच्या दशांश स्थळांत जुळेना. कारण सापडलं: बेरीज करताना आर इंटेलवर ८० बिटांचं लाँग डबल (अपूर्णांक जास्त अचूक साठवायचा प्रकार) वापरतं, ॲपलच्या चिपवर ते ६४ बिटांचंच असतं. निष्कर्ष बदलत नाहीत, पण स्क्रिप्टमध्ये दोन अपूर्णांक तंतोतंत समान आहेत का असं तपासत असाल, तर तिथे थोडी सूट ठेवा.

खरं दुखणं उपकरणांचं. क्षारता नोंदवणारा लॉगर एफटीडीआय चिपच्या यूएसबी केबलवर लगेच चालला, त्या केबलचा ड्रायव्हर (उपकरण ओळखणारं सॉफ्टवेअर) मॅकओएसमध्येच आहे. सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा दिसेचना. त्याचा ड्रायव्हर कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्यात बसणारा तुकडा, आहे आणि रोझेटा त्याला हात लावत नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज टाकलं, पण तेही एआरएमचंच. इंटेलचा ड्रायव्हर तिथेही चालत नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, नवा कॅमेरा घ्या. सेन्सर ठणठणीत असताना नुसत्या ड्रायव्हरपायी कॅमेरा मोडीत काढायचा, हे मला अजिबात पटत नाही. छोट्या प्रयोगशाळेला ते परवडतही नाही. सध्या जुनं मशीन कॅमेऱ्यापाशीच ठेवलंय. ते फोटो शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं, मोजणी एअरवर फिजी या फोटो तपासायच्या प्रोग्रॅममध्ये होते.

बाकी आपल्याकडच्या हवेला हे मशीन मानवतं. पंखाच नाही, त्यामुळे खारा दमट वारा आत ओढला जात नाही. पावसात लाइट गेली तरी बॅटरीवर दिवस निघतो. लांबलचक गणित लावलं की तापून वेग उतरतो, तेवढं धरून चाला.

रोझेटाची पूर्ण साथ मॅकओएस २७ पर्यंतच, असं ॲपलने सांगितलंय. आमचा एक जुना वर्गीकरणाचा प्रोग्रॅम अजून त्यावरच चालतो; तो आता विद्यार्थ्यांना घेऊन पायथनमध्ये उतरवायला घेतलाय.