दोन पावसाळे आणि २६ हजार किलोमीटर: ओल्या रस्त्याच्या नियमातले टायर वापरून आलेला अनुभव

कराड ते चिपळूण ही माझी आठवड्याची फेरी. औषधांच्या वितरणाचं काम आहे, त्यामुळे पाऊस आहे म्हणून घरी बसता येत नाही. पाटण सोडलं की आभाळ खाली येतं, कोयनानगरला वायपर पूर्ण वेगात आणि हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट. या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला टायरबद्दल मत बनवावंच लागतं. मी मे २०२४ मध्ये चार नवे टायर घातले, आता दोन पावसाळे काढून हे लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला सांगायचंय ते टायर घेताना सरकारी मानकाचा मला काय उपयोग झाला आणि कुठे ते अपुरं पडलं, याबद्दल.

आधी जुन्या टायरची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. सप्टेंबर २०२३, दुपारी तीनची वेळ, घाट उतरत होतो. वेग पस्तीसच्या आसपास. वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) धडधड पायाला जाणवली आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ सरकत राहिली. बाहेरच्या कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. एसटीच्या चालकाने काच खाली करून विचारलं, "ठीक आहात ना?" मी मान हलवली, पण पुढची पाच मिनिटं गिअर टाकायला हात धजत नव्हता.

घरी आल्यावर डेप्थ गेजने (खाचांची खोली मोजायची पट्टी) नक्षी मोजली. पुढच्या दोन्ही टायरना २.४ मिलिमीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९४ प्रमाणे कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते, दुचाकी-तीनचाकीला ०.८. म्हणजे कायद्याच्या हिशेबात माझे टायर चालू होते. गोटा तर नक्कीच झाले नव्हते, पंक्चरवालाही म्हणाला होता की अजून वर्षभर जातील. साडेचार वर्षांचं कडक झालेलं रबर, अर्धवट उरलेल्या खाचा आणि डांबरावर साचलेलं पाणी. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की १.६ चा आकडा तुमचा जीव वाचवेल यावर विसंबू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

तो उरलेला पावसाळा मी रेंगाळत चालवली गाडी. पुढच्या पावसाळ्याआधी टायर बदलायचे हे ठरलं होतं, आणि मधल्या काळात मी वाचत गेलो.

आपल्याकडे टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने तो आला आणि कारच्या टायरसाठीचं मानक आहे आयएस १५६३३. टायर ड्रमवर भार देऊन वेगाने फिरवणं, मापं, मजबुती अशा चाचण्या त्यात येतात. थोडक्यात, टायर टिकेल, फुटणार नाही, एवढी हमी. ओल्या रस्त्यावर तो किती धरेल हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर आलं जून २०२२ च्या अधिसूचनेने. एआयएस १४२ हे वाहन उद्योगासाठीचं मानक तिने लागू केलं. ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना गाडीला होणारा अडसर) आणि रस्त्यावर होणारा आवाज, या तीन गोष्टी त्यात मोजतात. नव्या डिझाइनच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून. आधीपासून बाजारात असलेल्या डिझाइनना पकड आणि रोलिंग रेझिस्टन्ससाठी १ एप्रिल २०२३ पासून, आवाजासाठी १ जून २०२३ पासून. एआयएस मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय आपल्या पुण्यात, वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेकडे आहे. एआयएस १४२ चा पाया मात्र संयुक्त राष्ट्रांच्या आर ११७ या नियमाचा, म्हणजे युरोपातल्या गाड्यांना जी कसोटी तीच.

हे वाचल्यावर माझी खरेदीची अट सोपी झाली. टायर एप्रिल २०२३ नंतर बनलेलाच हवा.

दुकानात ही अट सोपी राहिली नाही. पहिल्या दुकानात माझ्या मापाचा, १८५/६५ आर१५, टायर समोर आला. साइडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूवरचा, लंबगोलातला चार अंकी आकडा बघितला: ३२२१. म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. जवळजवळ पावणेतीन वर्षं गोदामात पडलेला.

"हा नको, नवा दाखवा," मी म्हणालो.

"अहो साहेब, टायर म्हणजे काय दुधाची पिशवी हाय का, तारीख बघायला? रबर हाय ते. पाच वर्षं काय होत नाय त्याला."

मी त्यांना २०२३ च्या नियमाचं सांगितलं. त्यांनी तो ऐकलाच नव्हता, आणि यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. जुन्या तारखेचा टायर वाईटच असतो असंही नाही, त्यातले कितीतरी आधीच नव्या मर्यादेत बसत असतील. पण ते कळायचं कसं? तिसऱ्या दुकानात ०९२४ चे चार टायर मिळाले. आयएसआय मार्कजवळचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक मी तिथेच बीआयएस केअर या सरकारी मानक संस्थेच्या ॲपमध्ये टाकून बघितला, कंपनी आणि मानक जुळलं. दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येकाने करावं. साइडवॉलवर गोलातला ई आणि त्यापुढे एस२डब्ल्यूआर२ अशी अक्षरंही होती. ही युरोपीय मंजुरीची खूण: एस आवाजासाठी, डब्ल्यू ओल्या पकडीसाठी, आर रोलिंग रेझिस्टन्ससाठी. मापापुढचं ८८एच म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेगाची क्षमता. बॅलन्सिंग, अलायमेंट, नवे व्हॉल्व्ह धरून २३,६०० रुपये गेले. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय, म्हणजे आता घेणाऱ्याला थोडं स्वस्त पडेल.

आता घाट. जून २०२४ मध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या आठवड्यात मी गेलो. ज्या वळणावर घसरलो होतो तिथे मनात धाकधूक होतीच. मागे-पुढे कोणी नाही असं बघून, वळणाच्या आधीच्या सरळ तुकड्यावर पस्तीसच्या वेगाला मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. एबीएस जेमतेम एकदा कुरकुरलं आणि गाडी थांबली. अंतर मी मोजलं नाही, ती जागा टेप घेऊन उतरायची नाही. पण स्टिअरिंग हातात होतं, गाडी सांगेन तिकडे वळत होती. जुन्या-नव्याची तुलना ही नेहमी नव्याच्याच बाजूने जाते हे मला मान्य आहे. म्हणून दुसऱ्या पावसाळ्याचं जास्त महत्त्वाचं: जुलै २०२५ मध्ये, २० हजार किलोमीटर झाल्यावरही पोफळीपर्यंतच्या उतारात भरवसा तसाच होता. फरक जाणवला तो साचलेल्या पाण्यात. कोयनानगरजवळच्या सखल तुकड्यात साठच्या वर गाडी हलकी वाटायला लागते, पहिल्या वर्षी तसं वाटत नव्हतं.

हा फरक मानकाच्या मर्यादेशी थेट जोडलेला आहे. चाचणीत रस्त्यावर पाण्याचा पातळ थर असतो, एक मिलिमीटरच्या आसपासचा. गाडीवर चाचणी घेतली तर ताशी ८० पासून २० पर्यंत वेग उतरताना ब्रेक किती लागतो ते मोजतात आणि त्याची तुलना एका ठरलेल्या संदर्भ टायरशी करतात. कारच्या साध्या टायरला त्या संदर्भ टायरच्या किमान १.१ पट पकड दाखवावी लागते. म्हणजे निसरड्या डांबरावरची पकड मोजली जाते. चाक पाण्यावर तरंगणं हा वेगळा प्रकार, त्याला खाचांची खोली लागते. शिवाय चाचणी कोऱ्या टायरची होते. युरोपात २०२४ पासून नव्या प्रकारच्या कार टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओली पकड दाखवावी लागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने पाऊस झेलणाऱ्या आपल्याला ही तरतूद त्यांच्याइतकीच लागू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मायलेजबद्दल सगळे विचारतात. रोलिंग रेझिस्टन्सची मर्यादा कारच्या टायरला १०.५ आहे: टायरवर हजार किलो भार असेल तर साडेदहा किलोपेक्षा जास्त ओढ नको. माझी गाडी माणसं-सामान धरून तेराशे किलो धरली, तर इंजिन सतत जेमतेम चौदा किलोंचं ओझं ओढतंय असं समजा. आर ११७ च्या आधीच्या टप्प्यातली मर्यादा १२ होती. पहिले तीन-चार हजार किलोमीटर मला उलट थोडं कमीच मायलेज मिळालं, जुन्या झिजलेल्या टायरवर १६.९ होतं ते १६.६ वर आलं. नवी, जाड नक्षी जास्त दबते आणि ऊर्जा खाते, त्यामुळे हे अपेक्षितच. आता १७.२ ते १७.४ मिळतं. यासाठी कोणी टायर बदलू नयेत, पण तोटा नाही.

आवाजाबद्दल एक गैरसमज. १८५ पर्यंत रुंदीच्या टायरला ७० डेसिबलची मर्यादा आहे, पण तो आवाज रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला येतो तो. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० ने घरंगळत नेतात आणि मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर माइक ठेवतात. तुमच्या कानाशी काय येतं याच्याशी त्याचा संबंध नाही. फेब्रुवारीत नागपूरला मुलीकडे गेलो तेव्हा समृद्धीच्या काँक्रीटवर ११० च्या वेगाला केबिनमध्ये घुंईऽ असा आवाज सलग होता. बायको म्हणाली, "जुनेच बरे होते." डांबरावर मात्र हे टायर शांत आहेत.

त्याच प्रवासात हवेचा हिशेब नीट केला. निघताना थंड टायरमध्ये ३३ पीएसआय, दोनशे किलोमीटर पळाल्यावर ३८. गरम टायरची ही वाढलेली हवा काढू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, बाजू तापते आणि सलग वेगात तिथेच फुटतो. सरकारी मानक पास झालेला टायरही २४ च्या हवेवर ताशी १२० ने चालवला तर काही खरं नाही.

तक्रार एकच. मल्हारपेठच्या पुढे एका खड्ड्यात आदळून मागच्या डाव्या टायरच्या बाजूला अंड्याएवढा फुगा आला, वय अकरा महिने. कंपनीच्या माणसाने येऊन फोटो काढले आणि "रस्त्यामुळे झालेलं नुकसान" म्हणून दावा नाकारला. आतले धागे तुटले की फुगा येतो हे मला कळतं, पण पस्तीस-चाळीसच्या वेगाला आपल्या जिल्ह्यातला खड्डा सोसणं ही टायरकडून फार मोठी अपेक्षा आहे का? स्वतःच्या खिशातून एक टायर घेतला. तो पुढे न लावता मागेच ठेवला.

यापेक्षा मनाला लागलेली गोष्ट नागपूरची. मुलीच्या स्कूटरखाली सहज वाकून बघितलं तर मागचा टायर मधोमध गुळगुळीत. नक्षी मोजली, ०.९. नियमात बसते! आणि एआयएस १४२ हे कार, हलके ट्रक, अवजड ट्रक-बस यांच्याच टायरसाठी आहे, दुचाकी त्यात नाहीच. चार चाकांवर, एअरबॅग असलेल्या डब्यात बसलेल्या मला ओल्या पकडीची किमान हमी आणि दोन चाकांवर रोज कॉलेजला जाणाऱ्या पोरीला नाही. तिला म्हटलं, "चल, आत्ताच बदलू." ती म्हणाली, "बाबा, परवा जाईन ना." तिथून थेट दुकानात गेलो.

आणि एक मागणी. नियमाने मला एवढंच कळतं की माझा टायर पास झाला. पस्तीस गुणांनी की नव्वद, ते कळत नाही. युरोपात ग्राहकाला ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी लेबलवर दिसते. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे आले आहेत, पण ते ऐच्छिक आणि मुख्यतः इंधन बचतीसाठी. मी फिरलो त्या तीनही दुकानांत असं लेबल लावलेला एकही टायर दिसला नाही. चाचणी झालेली आहे, आकडा कंपनीकडे आहे. तो टायरच्या कागदावर छापायला नवं काही शोधावं लागणार नाही. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, तसं टायर घेताना ओली पकड मोजता आली पाहिजे.

गेल्या रविवारचं माप: पुढे ५.१ आणि ५.०, मागे उजवीकडे ५.६, मागे डावीकडे नवा असल्याने ७.२. सुरुवात ७.९ ने झाली होती. दर सात हजार किलोमीटरला रोटेशन (टायरच्या जागा आपसात बदलणं) केलं, अलायमेंट दोनदा. या हिशेबाने पुढचे टायर आणखी एक पावसाळा सहज काढतील. ३ मिलिमीटरला आले की बदलणार, १.६ ची वाट बघणार नाही, आणि तेव्हाही दुकानात आधी तो चार अंकी आकडाच बघणार.