गूगल बिझनेस प्रोफाइल: छोट्या दुकानाला फुकट मिळणारी, पण राबवावी लागणारी सोय

डोंबिवलीत आमची पिठाची गिरणी आहे. दळणाच्या जोडीला थालिपिठाची आणि चकलीची भाजणी, मेतकूट, आंबोळीचे पीठ, मोदकाची पिठी असा तयार मालही आम्ही विकतो. दळणाचे गिऱ्हाईक आसपासच्या इमारतींमधले असते, त्याला जाहिरात लागत नाही. तयार मालाचे गिऱ्हाईक मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाहूनही येऊ शकते. असा माल इथे मिळतो, एवढे त्याला कळायला हवे. हे कळवण्यासाठी एक रुपयाही न मोजता मिळणाऱ्या साधनांपैकी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, आम्ही सर्वांत नेटाने वापरले आहे. म्हणून मुख्य परीक्षण त्याचे आहे, आणि त्याला पूरक ठरलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसबद्दलही शेवटी थोडे लिहिले आहे.

ही सेवा 2014 मध्ये गूगल माय बिझनेस या नावाने सुरू झाली आणि 2021 च्या अखेरीस तिला सध्याचे नाव मिळाले. आता तिच्यासाठी वेगळे ॲप नाही. आपल्या खात्यातून गूगल सर्च किंवा मॅप्स उघडले, की तिथूनच दुकानाची माहिती भरता आणि बदलता येते. शोधाच्या यादीत दुकान कितव्या क्रमांकावर दिसावे, हे गूगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरते: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, ते शोधणाऱ्यापासून किती दूर आणि त्याचा बोलबाला किती. या यादीतला वरचा क्रमांक पैसे देऊन विकत घेता येत नाही. जाहिरातीची जागा वेगळी असते आणि तिच्यावर तशी नोंद असते. लहान दुकानदाराच्या दृष्टीने मला हीच सर्वांत मोलाची बाब वाटते, कारण शेजारच्या मोठ्या दुकानाकडे पैसा जास्त असला, तरी जवळ असण्याचा फायदा आपल्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. शिवाय इथे येणारा माणूस सहज चाळायला आलेला नसतो. त्याला त्या दिवशी भाजणी हवीच असते.

नोंदणीनंतर पडताळणी होते आणि बहुतेकांना त्यासाठी व्हिडिओ द्यावा लागतो. रस्ता व दुकानाची पाटी, आतली यंत्रे आणि दुकान आपल्याच ताब्यात असल्याचे काहीतरी, म्हणजे कुलूप उघडणे किंवा परवान्याचा कागद, असे सगळे सलग चित्रीकरणात दिसावे लागते. घरातून फराळ किंवा मसाले करून विकणाऱ्या भगिनींनी यामुळे बिचकू नये. गिऱ्हाइकाने घरी येण्याची पद्धत नसेल, तर पत्ता लपवून केवळ माल पोचवण्याचे परिसर नोंदवता येतात आणि असे 20 परिसर देता येतात.

माहिती भरताना घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दुकान कशाचे आहे हे सांगणारा मुख्य वर्ग एकच निवडता येतो आणि त्याखेरीज नऊपर्यंत इतर वर्ग जोडता येतात. दुकानाचे नाव पाटीवर असेल तेच लिहावे. नावाला ‘उत्तम चकली भाजणी डोंबिवली’ अशी शेपटे जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. शेपटांतला तोच मजकूर वर्णनात मात्र लिहिता येतो. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा असल्यामुळे ‘दर्जा आणि विश्वास’ यांसारखे शब्द गाळून आम्ही त्यात गिऱ्हाईक खरोखर विचारते तेच घातले: भाजणीतली धान्ये व डाळी कोणत्या, त्या धुऊन, वाळवून, भाजून दळल्या आहेत का, मोहन किती लागेल, उपवासाची भाजणी वेगळ्या जात्यावर दळली जाते का. कोणते शब्द शोधून लोक आपल्यापर्यंत आले, हे प्रोफाइलच्या कामगिरीच्या विभागात दिसते. भाजणी शोधणारे बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात, हे आम्हाला तिथेच समजले. तेव्हापासून मालाची नावे आम्ही दोन्ही लिप्यांत देतो.

छायाचित्रांबद्दल जरा विस्ताराने लिहितो. पिठाचे छायाचित्र काढणे दिसते तितके सोपे नसते. ट्यूबलाइटखाली भाजणी राखाडी दिसते आणि परातीतली भाजणी, बेसन व मेतकूट एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. आता आम्ही सकाळच्या उजेडात, शटरजवळ परात ठेवून, पिठाशेजारी त्यात पडणाऱ्या भाजलेल्या तांदळाचे, हरभरा डाळीचे, उडीद डाळीचे आणि धन्या-जिऱ्याचे लहान ढीग मांडतो. अशा छायाचित्रानंतर ‘यात काय काय घातले आहे?’ असे विचारणारे फोन कमी होतात आणि ‘अर्धा किलो ठेवाल का?’ असे विचारणारे वाढतात, हा आमचा स्पष्ट अनुभव आहे. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो.

अपडेट टाकण्याची सोयही अशीच फुकट आहे आणि ती पंचांग समोर ठेवून वापरावी. आषाढी एकादशीआधी उपवासाची भाजणी, गणेश चतुर्थीआधी मोदकाची पिठी, दिवाळीआधी चकलीची भाजणी अशा क्रमाने, माल तयार होण्याच्या सुमारासच माहिती आणि भाव टाकलेले बरे. सणांच्या दिवसांतली दुकानाची वेळ वेगळी नोंदवता येते. ती अवश्य नोंदवावी, कारण वेळ चुकीची दिसल्यामुळे बंद शटर पाहून परतलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

अभिप्रायांच्या बाबतीत नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देता येत नाही, तसेच केवळ खूश गिऱ्हाइकांना गाठून चांगले अभिप्राय मागणेही नियमात बसत नाही. प्रोफाइलमधून मिळणारा क्यूआर कोड गल्ल्याजवळ लावून सर्वांना सारखीच विनंती करावी. चकल्या विरघळल्या अशी कोणी तक्रार लिहिली, तर वाद न घालता मोहन, उकड आणि तेलाचा ताव यांबद्दल नीट उत्तर लिहावे. ते उत्तर पुढे येणारी सगळी गिऱ्हाइके वाचतात.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे या सोयी आपल्या मालकीच्या नसतात. प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी 31 जुलैला चॅटची सोयही गेली. दुसरी अशी, की दुकानाच्या माहितीत बदल कोणीही सुचवू शकतो, त्यामुळे आपला फोन नंबर व वेळा अधूनमधून तपासाव्या लागतात. तिसरी उणीव गूगलची नाही, पण नव्या दुकानदाराला ती भोवते: ‘गूगलकडून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा’ असे फोन येतात. नोंदीला शुल्क नसते, त्यामुळे असा फोन सरळ ठेवून द्यावा. आणि अंतराचा निकष जसा आपल्या बाजूने काम करतो तसाच विरुद्धही करतो. ठाण्यात बसून नुसते ‘भाजणी’ शोधणाऱ्याला डोंबिवलीची गिरणी क्वचितच दिसेल.

म्हणूनच व्हॉट्सॲप बिझनेसची जोड लागते. 2018 पासून मिळणाऱ्या या मोफत ॲपमध्ये 500 पर्यंत वस्तूंचा कॅटलॉग ठेवता येतो, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जाते आणि गिऱ्हाइकांना लेबले लावता येतात. आम्ही ‘उपवास’, ‘चकली’, ‘मोदक’ अशी लेबले ठेवली आहेत, त्यामुळे ज्याला जे हवे तेवढाच निरोप त्याला जातो. एकच निरोप अनेकांना एकदम पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो, ही मर्यादा आहे; परंतु परवानगी न घेता संदेशांचा मारा करणाऱ्यांना ती आवर घालते, म्हणून मला ती पटते. गूगलवरून प्रथमच आलेल्या गिऱ्हाइकाला पुडीवरचा व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड दाखवून नंबर जतन करायला सांगितले, तर पुढच्या सणाला त्याला शोधावे लागत नाही.

समोरासमोर विक्री करणाऱ्या दुकानाला, शिवणकामाला, क्लासला, खानावळीला किंवा घरगुती फराळाला मी ही दोन्ही साधने निःसंकोच सुचवीन. ज्यांचा माल मोजक्या घाऊक व्यापाऱ्यांकडेच जातो, त्यांना या साधनांचा फारसा उपयोग होणार नाही. दिवाळीच्या गिऱ्हाइकासाठी सुरुवात करणार असाल, तर गणपतीतच करावी. पडताळणीत काही दिवस जातात, व्हिडिओ नाकारला गेला तर तो पुन्हा द्यावा लागतो, आणि चकलीच्या भाजणीची विचारणा नवरात्र उठता उठता सुरू होते.